‘बाबा, तू का हसलास?’

रविवारची रात्र. जेवणे उरकून सगळे टीव्हीसमोर बसले आहेत. ‘श्रेक’ लागला आहे. हिरवा, धिप्पाड श्रेक आणि त्याची पाठ न सोडणारे बडबडे गाढव ड्युलॉक नावाच्या नगरीत येऊन पोहोचतात. समोर लॉर्ड फारक्वाडचा किल्ला उभा आहे, मान दुखेपर्यंत वर बघावे इतका उंच. फारक्वाड स्वतः मात्र उंचीने अगदीच तोकडा. किल्ल्याकडे बघत श्रेक गाढवाला विचारतो, हा गृहस्थ आपली कसली तरी उणीव तर भरून काढत नसेल ना? बाबा फसकन हसतो. आई त्याच्याकडे बघते आणि ओठ दाबून हसते. सात वर्षांची मुलगी आधी पडद्याकडे बघते, मग आईकडे, मग बाबाकडे.

‘बाबा, तू का हसलास?’

‘काही नाही गं. तू पिक्चर बघ.’

गंमत म्हणजे पडद्यावरच्या गाढवालाही तो विनोद कळलेला नसतो. श्रेक एकटाच हसतो आणि गाढव नुसते बघत राहते. प्रेक्षकांतली लहान मुले त्या क्षणी गाढवाच्या जागी असतात. दृश्य काही सेकंदांत सरते आणि चित्रपट पुढे जातो. मुलीचा प्रश्न मात्र तिथेच राहतो.

‘श्रेक’ २००१ चा. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटासाठी ऑस्कर देण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा पहिला मान त्यालाच मिळाला. लहान मुलांच्या चित्रपटात मोठ्यांसाठी पेरलेले विनोद हा काही अपवाद नव्हे, त्या व्यवसायाची ती जुनी रीत आहे. हे विनोद पुढे केव्हातरी लक्षात आलेले पालक दचकतात. ‘आपण हे मुलांना दाखवलं?’ असे म्हणतात. मग समाजमाध्यमांवर याद्या फिरतात, अमुक चित्रपटात तमुक अश्लील सूचक वाक्य आहे, सावध राहा. ही काळजी खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी केली जाते. लपवलेला विनोद मुलांच्या डोक्यावरून जातो. उघड्यावर केलेला विनोद मात्र थेट आत जातो, आणि त्याहूनही खोल जातो तो विनोद झाल्यावर दिसलेला आईबापांचा चेहरा.

एका तिकिटात दोन प्रेक्षक

पाच वर्षांचे मूल एकटे चित्रपटगृहात जात नाही. तिकीट मोठी माणसे काढतात आणि दीड-दोन तास शेजारी बसतात. ती कंटाळली तर पुढच्या वेळी येणार नाहीत. म्हणून एकाच कथेत दोन मजले बांधले जातात. खालच्या मजल्यावर पडणे, आपटणे, पाठलाग, गाणी. वरच्या मजल्यावर सूचक शब्द, जुन्या चित्रपटांची टिंगल, नवरा-बायकोतले टोमणे.

ही रीत संगणकावरच्या ॲनिमेशनने आणलेली नाही. अमेरिकेत १९३० आणि १९४० च्या दशकांत ‘लूनी ट्यून्स’सारखे छोटे व्यंगपट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात. समोर सगळ्या वयाचे लोक असत आणि विनोदही त्यांच्यासाठीच असत. तेच व्यंगपट पुढे टीव्हीवर मुलांच्या वेळेत लागू लागले आणि ‘कार्टून म्हणजे मुलांचे’ हे समीकरण घट्ट झाले. १९३० मध्ये अवतरलेली बेटी बूप तर उघड उघड मोठ्यांची होती. १९३४ मध्ये हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाल्यावर तिचे कपडे अंगभर झाले.

मराठी मुलखाला ही दुमजली बांधणी नवी नाही. तमाशात गवळण सुरू झाली की पुढे बसलेली पोरे मावशीच्या मुरडत चालण्याला हसत आणि मागचे बापे तिच्या बोलण्याला. एकाच क्षणी, एकाच मांडवात दोन वेगळे हशे उठत. ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांनी हीच कला पडद्यावर नेली. द्व्यर्थी वाक्याची खुबी अशी, की त्याचा दुसरा अर्थ वाक्यात नसतो. तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. ज्याच्या डोक्यात तो नाही, त्याच्यासाठी ते वाक्य साधे आहे.

मुलाला विनोद का कळत नाही?

विनोद कळणे हे मेंदूचे बरेच किचकट काम आहे. मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये त्याचे दोन टप्पे मांडले. आधी काहीतरी विसंगत खटकते, मग ती विसंगती सुटते आणि हसू येते. किल्ला मोठा आणि मालक छोटा, ही विसंगती सात वर्षांच्या मुलीला दिसते. पण ‘उणीव’ या शब्दाची दुसरी बाजू सोडवायला तिच्याकडे किल्ली नसते. त्यासाठी लैंगिकतेची माहिती लागते, पुरुषी बढाईची समाजातली ओळख लागते आणि बोलणारा एक बोलून दुसरे सुचवतो आहे हे ओळखावे लागते.

यातली शेवटची क्षमता हळूहळू येते. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी वापरलेला बाहुल्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. सॅली नावाची बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. तेवढ्यात ॲन नावाची बाहुली ती गोटी उचलून खोक्यात ठेवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? तीन वर्षांचे मूल बहुधा खोक्याकडे बोट दाखवते. गोटी खोक्यात आहे हे त्याला माहीत आहे, मग ते सॅलीला माहीत नसेल असे त्याला वाटतच नाही. चार-पाच वर्षांच्या सुमारास मूल टोपली दाखवू लागते, कारण दुसऱ्याच्या मनात वेगळे काही असू शकते हे त्याला उमगते. बोलण्यातला उपरोध, टोमणा, सूचकता त्याच्याही पुढची पायरी आहे. सहा-सात वर्षांनंतर ती येऊ लागते आणि पुढे बरीच वर्षे पक्की होत राहते. शाळेत ‘कोडं घाल ना’ म्हणत शब्दांच्या कोट्यांवर खिदळण्याचे वयही साधारण इथूनच सुरू होते.

‘फाइंडिंग निमो’ (२००३) मध्ये शार्क माशांची बैठक आहे. मासे खाणे सोडायचे म्हणून ते एकत्र जमतात, स्वतःची ओळख करून देतात, शेवटचा मासा कधी खाल्ला ते सांगतात. पाच वर्षांच्या मुलाला एवढेच दिसते, की भीतिदायक शार्क चांगले वागायचा प्रयत्न करत आहेत. मोठ्यांना त्यात मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांची, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बैठक दिसते. पुण्यातल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात ज्यांचे कोणी राहून आले आहे, त्यांना ती जरा जास्तच दिसते. आणि ज्या मुलाचा बाप अशा बैठकीला जातो, त्याला ती पाचव्या वर्षीही कळू शकते. विनोद कळणे वयावर अवलंबून असते तसेच ते घरातल्या अनुभवावरही असते. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

‘कार्स’ (२००६) मध्ये दोन चाहत्या गाड्या नायकासमोर दिवे चमकवतात. इंग्रजीत ‘फ्लॅश’ म्हणजे दिवा चमकवणे आणि चारचौघांत अंग उघडे करणेही. हा खेळ इंग्रजी शब्दाचा आहे. चित्रपट हिंदीत डब झाला, की अशा बहुतेक कोट्या आपोआप गळून पडतात आणि मुलाला दिसतात फक्त चमकणारे दिवे.

भीती आणि वस्तुस्थिती

१९९९ च्या जानेवारीत डिस्नेने ‘द रेस्क्युअर्स’ या १९७७ च्या चित्रपटाच्या सुमारे ३४ लाख व्हिडिओ कॅसेट बाजारातून परत मागवल्या. एका दृश्यात खिडकीआड नग्न स्त्रीचे छायाचित्र दोन चौकटींपुरते घुसवलेले सापडले होते. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. नेहमीच्या वेगाने बघताना ते चित्र डोळ्याला टिपता येण्याजोगे नव्हते. कॅसेट परत मागवल्या हे योग्यच झाले, मुलांच्या वस्तूत असला चावटपणा चालत नाही. पण अशा बातम्यांमुळे पालकांच्या मनात एक चित्र घट्ट बसले, की पडद्याआडून कोणीतरी मुलांच्या मनात विष सोडत आहे. चार सेकंदांचा सूचक शब्द किंवा दोन चौकटींचे चित्र असे मन बिघडवत नाही.

लपवलेल्या विनोदाचे वजन मुलांपेक्षा मोठ्यांबद्दल जास्त सांगते. ‘टॉय स्टोरी २’ (१९९९) च्या शेवटी, श्रेयनामावलीसोबत, चित्रीकरणातल्या ‘चुका’ म्हणून काही गमतीची दृश्ये जोडली होती. एका दृश्यात म्हातारा खाणकामगार बाहुला दोन बार्बी बाहुल्यांना पुढच्या चित्रपटात काम देण्याचे आमिष दाखवताना पकडला जातो आणि ओशाळतो. त्या वर्षी मोठे लोक या दृश्याला हसले. मुलांना काही कळले नाही. २०१७ मध्ये ‘मी टू’ चळवळ जगभर पोहोचली आणि २०१९ मध्ये नव्या आवृत्तीतून ते दृश्य वगळण्यात आले. दृश्य तेच होते. मधल्या २० वर्षांत बदलले ते मोठ्यांचे हसणे.

याला एक वेगळी बाजूही आहे. जपानचा शिनचॅन १९९० मध्ये मोठ्यांच्या मासिकात चित्रकथा म्हणून जन्मला. तो भारतात मुलांच्या वाहिनीवर, हिंदी बोलत आला. इथे विनोद लपवलेला नव्हता. पाच वर्षांचा नायकच चड्डी उतरवून नाचत होता आणि मोठ्यांना उलट उत्तरे देत होता. आक्षेप आले, प्रसारण काही काळ थांबले आणि पुढे कात्री लागून मालिका परतली. त्या आक्षेपांत तथ्य होते, कारण पाच वर्षांचे मूल पाच वर्षांच्या नायकाचे अनुकरण करते. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बोबो नावाच्या फुगवलेल्या बाहुल्याला मारणारी मोठी माणसे मुलांना दाखवली, प्रत्यक्ष आणि चित्रफितीतूनही. संधी मिळताच मुलांनी तीच मारहाण, तेच शब्द वापरून केली. मूल जे बघते आणि ज्याचा अर्थ त्याला लागतो, ते ते उचलते.

उघड्यावरचा विनोद

आता पुन्हा फारक्वाडच्या किल्ल्याकडे बघू या. त्या विनोदाचा अर्धा भाग लपलेला आहे, तो मुलीला कळला नाही. पण उरलेला अर्धा अगदी उघडा आहे: हा माणूस बुटका आहे आणि बुटक्या माणसाला हसायचे असते. ‘श्रेक’मध्ये फारक्वाडच्या उंचीवर अनेकदा विनोद होतात. दिसण्यावरून माणसाची पारख करू नये असे सांगणारा हा चित्रपट, खलनायकाच्या उंचीपुरता स्वतःचा उपदेश विसरतो. वर्गात रांगेत सर्वात पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला हा अर्धा विनोद पूर्ण कळतो. सोमवारी शाळेत त्याच्या मित्रांनाही तो कळलेला असतो.

मुलाची उंची वाढत नाही म्हणून पालक त्याला रुग्णालयात आणतात, तेव्हा डॉक्टर हाडांचे वय तपासतात, थायरॉइड बघतात, आईवडिलांची उंची मोजतात. बऱ्याच मुलांमध्ये आजार काहीच नसतो. घराण्याची उंचीच तेवढी असते किंवा वाढ थोडी उशिरा होणार असते. तरीही मूल मान खाली घालून बसलेले असते. त्याला औषध नको असते, ‘बुटक्या’ ही हाक थांबायला हवी असते.

वजनाचेही तेच. २००६ ते २०१० या काळातल्या लोकप्रिय २० बालचित्रपटांचा अमेरिकी संशोधकांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के चित्रपटांत वजनावरून हिणवणारा मजकूर होता. त्याच चित्रपटांत खाण्याच्या वाईट सवयीही सर्रास दिसत होत्या. म्हणजे आधी भरपूर खाणे मजेचे म्हणून दाखवायचे आणि मग जाड्याला हसायचे. मानसिक आजारांबद्दल २००४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी डिस्नेचे ३४ ॲनिमेशनपट तपासले. ८५ टक्के चित्रपटांत ‘वेडा’, ‘डोके फिरलेला’ अशा अर्थाचे उल्लेख सापडले, बहुतेक कोणाला तरी वेगळे पाडण्यासाठी वापरलेले. १९९९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १९३७ ते १९९७ मधले ५० ॲनिमेशनपट होते. सर्वांनी बघावेत असे प्रमाणपत्र मिळालेले हे चित्रपट. त्यातल्या २८ मध्ये कोणी ना कोणी तंबाखू वापरताना दिसत होते. ‘१०१ डाल्मेशियन्स’मधली क्रुएला लांब नळीतून सिगारेट ओढते ती याच काळातली. डिस्नेने आपल्या मुलांच्या चित्रपटांतून धूम्रपान हटवण्याचे जाहीर केले ते २०१५ मध्ये.

या आकड्यांचा अर्थ नेमका घ्यायला हवा. चित्रपटांत काय आहे ते या अभ्यासांनी मोजले. ते बघून किती मुले बिघडली हे मोजलेले नाही. एका चित्रपटाने कोणतेही मूल बिघडत नाही. पण तोच चित्रपट मूल विसाव्यांदा बघते, तीच हाक शाळेत ऐकते आणि घरातही तेच हसणे दिसते, तेव्हा तो एकटा चित्रपट राहत नाही. विचित्र गोष्ट अशी, की सूचक वाक्य आले तर घाईघाईने रिमोट शोधणारे पालक, जाड्या मुलाच्या पोटावरचा विनोद आला तर मुलासोबत मनमोकळे हसतात. मुलाला जे कळत नाही त्याच्यावर पहारा असतो आणि जे कळते त्याला दार सताड उघडे असते.

चेहऱ्यावरचा धडा

मूल विनोद समजून घेण्याच्या कितीतरी आधी चेहरा वाचायला शिकते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग डॉक्टरांना शिकताना हमखास सांगितला जातो. एक वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवले. अर्ध्या भागात काचेखाली लगेच नक्षीचा पृष्ठभाग होता आणि पुढे तो थोडा खाली गेलेला, म्हणजे बाळाला पुढे खड्डा आहे असे वाटावे. पलीकडे आई उभी. खड्ड्यापाशी येऊन बाळ थांबते आणि आईच्या चेहऱ्याकडे बघते. ज्या १९ बाळांच्या आया हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या, त्यांतली १४ बाळे पुढे गेली. ज्या १७ बाळांच्या आयांनी भीतीचा चेहरा केला, त्यांतले एकही गेले नाही. एक शब्द न बोलता आयांनी सांगितले, इथे ये किंवा इथे येऊ नकोस.

हसणेही असेच सामाजिक आहे. रॉबर्ट प्रोवाइन या संशोधकाच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. म्हणून विनोद न कळताही मूल मोठ्यांसोबत हसते. आपण यांच्यातले आहोत, एवढेच त्या हसण्यातून त्याला सांगायचे असते.

आता रविवारच्या रात्रीचे दृश्य मुलीच्या बाजूने बघावे. बाबा हसला, आई ओठ दाबून हसली, दोघांनी एकमेकांकडे बघितले आणि विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणून टीव्हीकडे बोट दाखवले. विनोद तिला कळला नाही, पण नियम कळला: काही गोष्टी अशा असतात की मोठे त्यांना हसतात आणि मुलांनी त्याबद्दल विचारायचे नसते. एकदा असे झाले तर काही बिघडत नाही. पण बाळ कुठून येते, मासिक पाळीच्या जाहिरातीत काय दाखवतात, काकूला ‘दिवस गेले’ म्हणजे काय, या प्रत्येक प्रश्नाला तोच चेहरा मिळत गेला, तर त्या दिशेचा रस्ता मूल स्वतःच बंद करते.

त्या बंद रस्त्याची किंमत रुग्णालयात दिसते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांवरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाही सांगितलेले नव्हते.

बालचित्रपटातल्या विनोदामुळे अत्याचार होतात असे कोणीही म्हणू नये, ते खरे नाही. पण न सांगण्याची सवय कुठेतरी लागते. बाह्यरुग्ण विभागात आठ-नऊ वर्षांची मुलगी लघवीला जळजळ होते म्हणून येते. कुठे दुखते विचारले की ती आईकडे बघते. आई जमिनीकडे बघते. ‘खाली’, एवढाच शब्द मिळतो. बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो आणि पाच दिवसांच्या औषधाने बरा होतो. पण कधीतरी तो साधा नसतो, आणि तेव्हाही मुलीकडे तोच एक शब्द असतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी शंका आल्यास कळवणे सर्वांना बंधनकारक केले, मुलाचा जबाब त्याला घाबरवणार नाही अशा पद्धतीने घ्यायची तरतूद केली. मात्र ज्या अवयवाला घरात नाव नाही, त्याबद्दलचा जबाब कायदा तरी कसा घेणार?

मघाचा मुद्दा इथे लागू होतो. विनोद अनुभवानेही कळतो. सात वर्षांच्या मुलाला सूचक विनोद नेमका कळला आणि ते नको तिथे हसले, तर ‘फारच आगाऊ झालंय’ म्हणून विषय उडवू नये. ते मोठ्या भावाच्या मोबाइलमधून आले असेल, शाळेच्या बसमधून आले असेल. क्वचित कुठून तरी वाईट जागेतून आले असेल. शांतपणे ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असे विचारले आणि उत्तर ऐकून घेतले, तर तोच विनोद धोक्याची पहिली खूण दाखवून जातो. त्याच वेळी कानाखाली बसली, तर खूण कायमची पुसली जाते.

मग उत्तर काय द्यायचे?

बंदी घालणे हा उपाय नाही. चित्रपटांचे वयानुसार वर्गीकरण उपयोगी आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले, हे चांगलेच झाले. पण प्रमाणपत्र देणारे हिंसा, भीती, नग्नता बघतात. २०१६ च्या ‘द जंगल बुक’ला भारतात यूए मिळाले ते त्यातली दृश्ये लहान मुलांना घाबरवतील म्हणून. जाड्या-बुटक्यावरच्या विनोदाला कोणतेही मंडळ कात्री लावत नाही, आणि लावूही शकणार नाही. ते काम शेजारी बसलेल्या माणसाचे.

शेजारी बसणे हाच यातला सर्वात मोठा उपाय आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्यातला तासाचा आकडा पालकांच्या लक्षात राहतो, देखरेख विसरली जाते. कानात हेडफोन घालून मोबाइलवर एकट्याने चित्रपट बघणाऱ्या मुलाला ‘तू का हसलास?’ हे विचारायलाही कोणी नसते.

आणि प्रश्न आलाच, तर उत्तर मुलाच्या वयाचे आणि खरे असावे. चार वर्षांच्या मुलाला ‘एवढासा राजा आणि एवढा मोठा वाडा, म्हणून हसू आलं’ एवढे पुरते. त्यात काही खोटे नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीला सांगता येते, ‘काही माणसांना आपण कुठंतरी कमी आहोत असं वाटतं, मग ती मोठ्या वस्तू दाखवत फिरतात. यात मोठ्या माणसांचाही एक विनोद आहे. तू अजून थोडी मोठी झालीस की सांगेन. विसरलो तर आठवण कर.’ बारा वर्षांच्या मुलाला सरळ सांगावे, की हा पुरुषाच्या शरीरावरचा विनोद आहे, आणि वर त्यालाच विचारावे, कुणाच्या शरीरावरून असे हसणे बरोबर आहे का? त्या वयात वर्गातली मुले हेच विनोद करत असतात. घरात एकदा मोकळेपणी बोलले गेले, की त्यांचा चावा कमी होतो.

उघड्यावरच्या विनोदालाही तेच लावावे. जाड्या पांडा पायऱ्या चढताना धापा टाकतो आणि सगळे हसतात, तेव्हा ‘त्याला आत्ता कसं वाटत असेल?’ एवढे विचारले तरी पुरे. प्रवचन नको. चित्रपटाची मजा घालवून दिलेला उपदेश मुले नंतर लक्षातही ठेवत नाहीत.

हे सगळे पालकांना जड वाटते, कारण त्यांना कोणी असे उत्तर दिलेले नसते. ‘मोठ्यांच्यात लहानांनी बोलू नये’ ऐकतच ही पिढी वाढली. शरीराच्या अवयवांची नावे त्यांना दहावीच्या जीवशास्त्रात कळली, तीही शिक्षकांनी ‘हा धडा घरी वाचा’ म्हटल्यावर. सुरुवात अवघड जाते. पण आंघोळ घालताना नाक, कान, गुडघा यांच्यासोबत बाकीच्या अवयवांचीही नावे सहज घेतली, तर चार वर्षांचे मूल ती नावे तितक्याच सहज वापरते. लाज मुलाला नसते. ती मोठ्यांकडून येते.

रविवारच्या त्या रात्री बाबाला उत्तर सुचले नाही, यात त्याचा फार मोठा गुन्हा नाही. चित्रपट पुढे सरकतो, श्रेक टॉवरकडे निघतो, मुलगी पुन्हा गाढवाच्या बडबडीत रमते. झोपायच्या आधी तो तिच्या पांघरुणापाशी बसून म्हणू शकतो, ‘मघाशी तू विचारलंस ना, मी का हसलो? सांगतो.’ सांगायला दोन मिनिटे लागतात. उद्या शाळेच्या बसमध्ये किंवा शेजारच्या घरात तिला काही विचित्र वाटले, तर ते घरी येऊन विचारायचे की गिळून टाकायचे, हे ती ठरवेल तेव्हा तिला ही दोन मिनिटे आठवतील.